शंभरावर थांबलेला काटा

चाकण पट्ट्यात मला नावाने ओळखणारी माणसं फार थोडी. बाकी सगळीकडे मी ‘व्हायरसवाल्या मॅडम’. गेटवरचा सिक्युरिटीवाला आत फोन लावायचा, “साहेब, व्हायरसवाल्या मॅडम आल्यात, सोडू का आत?” आणि आतून कोणीतरी म्हणायचं, “सोड, सोड, कधीची वाट बघतोय.” साप पकडणाऱ्याला लोक सापवाला म्हणतात, त्यामुळे मी कधी तक्रार केली नाही.

पंचवीस-तीस वर्षं मी एका ऑफिसच्या नोकरीत भोसरीपासून कुरुळीपर्यंतच्या कारखान्यांत संगणकांची राखण करणारी सॉफ्टवेअर बसवत हिंडले. ती दुरुस्त करायची, आणि मुख्य म्हणजे काढून टाकू नका म्हणून विनवण्या करायच्या. गेल्या वर्षी निवृत्त झाले. आता पिंपळे गुरवला घरी पुस्तकं वाचते आणि सोसायटीच्या ग्रुपवर आलेली लिंक उघडू नका असं सांगते. दोन्ही कामांचा परिणाम साधारण सारखाच.

या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या क्षेत्रातल्या यशाबद्दल लिहा’ असं कळवलं होतं. आमच्या क्षेत्रात यश म्हणजे काहीही न घडणं. त्यावर अर्धं पानसुद्धा भरत नाही. म्हणून जे घडलं, त्याबद्दल लिहिते.

आधी थोडं गिऱ्हाइकांबद्दल. भोसरीत स्प्रिंगा बनवणारे एक मालक होते. त्यांच्याकडे वर्षभराने गेले तर अँटिव्हायरसची सीडी काचेच्या कपाटात, शाल-श्रीफळाच्या फोटोशेजारी, न उघडता ठेवलेली. “मॅडम, अजून एकदाही व्हायरस आला नाही. भारी माल दिलात,” ते म्हणाले. संगणकात तेव्हा काय काय होतं, ते मी त्यांना हळूहळू, तीन भेटींत सांगितलं. दुसऱ्या एका कंपनीत हिशेबनीस सकाळी आल्याबरोबर आमचं सॉफ्टवेअर बंद करायचे आणि जाताना इमानदारीने चालू करून जायचे. का, तर मशीन हळू चालतं. “दिवसा मी असतोच की बसलेलो,” ते म्हणाले. स्वतःच्या उपस्थितीवर एवढा विश्वास असलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आणि सगळ्याच ठिकाणी पहिला प्रश्न ठरलेला, “सर नाही आले का?” सुरुवातीला मी खुलासा करायचे. पुढे “सर पार्किंगमध्ये आहेत” म्हणून कामाला लागायचे. काम होईपर्यंत सरांची आठवण कोणाला राहत नसे.

आता ज्याबद्दल लिहायचं आहे ते. कंपनीचं नाव सांगत नाही. गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनवायची आणि एका मोठ्या गाडी कंपनीला रोज पुरवायची, एवढं पुरे.

तिथल्या आयटीचे प्रमुख निंबाळकर सर. चाळिशीचे, हुशार, इस्त्रीचे कपडे. त्यांच्या कार्डावर पदाचं नाव तीन ओळींत होतं आणि त्यांच्या हाताखाली दीड माणूस होता. अर्धा म्हणजे मी, आठवड्यातून दोनदा येणारी. ते वाईट नव्हते. फक्त मोठ्या साहेबांना, म्हणजे कंपनीच्या मालकांना, ‘नाही’ म्हणायचा स्नायू त्यांच्या अंगात नव्हता. माझ्यातही तो किती होता, ते पुढे येईलच.

आमचा धंदा समजायला कारखान्याचं गेट आठवा. तिथला पहारेकरी जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उघडतो. डबा उघडायला लावतो. त्याला हा अधिकार दिल्याशिवाय तो कामाचाच नाही. पण त्या पहारेकऱ्याची स्वतःची केबिन कोण तपासतं? कोणी नाही. संगणकावरचं संरक्षक सॉफ्टवेअरही असंच. त्याला सगळं बघायचा, थांबवायचा, पुसायचा अधिकार असतो. साध्या वापरणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून त्याच्यात भोक निघालं तर ते घरातल्या बाकी कुठल्याही भोकापेक्षा वाईट.

त्यात कारखान्यात शंभर-दीडशे संगणक असले की प्रत्येकावर एकेक पहारेकरी बसतो आणि त्या सगळ्यांना हुकूम सोडायला एक मुख्य संगणक लागतो. त्याला कन्सोल म्हणतात. कन्सोल म्हणाला हे तपासा, की ते तपासतात. ही फाईल चालवा, की चालवतात. का, असं विचारत नाहीत.

या कन्सोलवर एक हिरवा काटा असतो. किती संगणक सुरक्षित आहेत ते शंभरपैकी दाखवणारा. मोठ्या साहेबांनी तो एकदा पाहिला आणि त्यांना फार आवडला. महिन्याभरात रिसेप्शनमध्ये, गणपतीच्या मूर्तीच्या वर, एक भला मोठा टीव्ही लागला. त्यावर दिवसभर हिरवा काटा. गाडी कंपनीचे लोक तपासणीला आले की त्यासमोर फोटो काढायचे. मग साहेबांना तो काटा मोबाईलवरही हवा झाला. घरून, लग्नातून, विमानतळावरून बघता यावा असा.

त्यासाठी कन्सोलकडे येणारी वाट बाहेरच्या जगाला उघडी करावी लागणार होती. मी निंबाळकरांना म्हटलं, “सर, हे बरोबर नाही. घरात बसून बघायची वस्तू आहे ही.” ते म्हणाले, “मॅडम, पासवर्ड आहे की. आणि साहेबांना सांगणार कोण? तुम्ही सांगता?” मी सांगितलं नाही. मी वाट उघडून दिली. विरोध तोंडी केला होता, लेखी केला नव्हता. तोंडी विरोधाचा उपयोग एवढाच, की तो पुढे आपल्याला स्वतःला ऐकवता येतो.

दीड वर्ष काही झालं नाही. काटा शंभर, अठ्ठ्याण्णव, शंभर.

मग खंडेनवमी आली. आमच्या पट्ट्यात हा दिवस दिवाळीपेक्षा मोठा. आदल्या दिवसापासून फिटर, ऑपरेटर मशीन धुतात, पुसतात, तेल-ग्रीस करतात, सैल झालेले नट आवळतात, मग हळदकुंकू, झेंडूचा हार. पुजलेल्या मशीनला दसऱ्याचा मुहूर्त होईपर्यंत कोणी हात लावत नाही. त्या वर्षी खंडेनवमी मंगळवारी होती, बुधवारी दसरा, आणि गुरुवारी साप्ताहिक सुट्टी. इकडच्या बऱ्याच कंपन्यांचा रविवार गुरुवारी असतो. म्हणजे मंगळवारी दुपारी कुलूप, ते शुक्रवारी सकाळी उघडायचं.

मंगळवारी सकाळी चहा घेताना सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचा मेल आला. अशा मेलची भाषा इतकी कोरडी असते, की घराला आग लागल्याचंही त्यातून कळू नये. आशय असा, की कन्सोलमध्ये दोष सापडला आहे. बाहेरचा माणूस पासवर्ड न देता, ओळख न दाखवता कन्सोलला हुकूम देऊ शकतो. दुरुस्ती तयार आहे, ताबडतोब बसवावी.

दुरुस्ती जाहीर झाली की भोक कुठे आहे ते एकाच वेळी दोघांना कळतं. ज्याला बुजवायचं आहे त्याला, आणि ज्याला शिरायचं आहे त्यालाही. मग शर्यत सुरू होते. मी चहा अर्धा टाकून स्कूटर काढली.

कंपनीत पोचले तेव्हा सव्वाअकरा झाले होते. स्टोअर्सकडून आरतीचा आवाज येत होता. सर्व्हर रूमच्या दारात चपलांचा ढीग. आत कन्सोलच्या डब्याला झेंडूचा हार, वर हळदकुंकवाची पाच बोटं, समोर नारळ. मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन उभे होते आणि मोबाईल पुढे करून काटा दाखवत होते. “बघा, आत्ता, या क्षणी, शंभर टक्के!”

मी निंबाळकरांना बाजूला घेतलं. मेल दाखवला.

“रीस्टार्ट लागेल?” त्यांनी विचारलं.

“लागेल. पाऊण तास जाईल.”

“मॅडम, पूजा झालीय हो आत्ता. पूजेत बसलेलं मशीन बंद करायचं? साहेब समोर उभे आहेत. शुक्रवारी आल्या आल्या करू ना. पहिलं काम.”

“मग निदान बाहेरची वाट तरी बंद करू. त्याला रीस्टार्ट लागत नाही. दोन मिनिटं.”

त्यांनी साहेबांच्या हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. मीही पाहिलं. वाट बंद केली, की त्या क्षणी पाहुण्यांसमोर काटा गायब झाला असता.

“शुक्रवारी,” निंबाळकर म्हणाले, आणि माझ्या हातावर पेढा ठेवला.

मी आयुष्यभर असल्या गोष्टींची थट्टा करत आले. उद्घाटनाच्या फिती, सत्काराचे फेटे, रिसेप्शनमधले टीव्ही. घरी कपाटभर पुस्तकं आहेत, बरीचशी शहाणपणाची. पण त्या क्षणी मला एवढंच वाटलं, की सगळे आनंदात आहेत, मुलगी संध्याकाळी माहेरपणाला यायची आहे, आणि तीन दिवसांत काय होणार आहे? मी पेढा खाल्ला आणि घरी गेले.

शुक्रवारी सकाळी सातला निंबाळकरांचा फोन. आवाज ओळखू येईना. मी गेले तेव्हा रस्त्यावर टेम्पोंची रांग लागली होती. आत प्रत्येक संगणकावर एकच पाटी होती, फाईली कुलूपबंद केल्याचं सांगणारी. माल तयार होता, पण लेबलं छापता येत नव्हती, आणि लेबलाशिवाय गाडी कंपनी एक बिजागरीही आत घेत नाही. रिसेप्शनमधल्या टीव्हीवर मात्र हिरवा काटा शंभरावर होता. कन्सोल मेल्यावर शेवटचा आकडा तिथेच गोठला होता.

दुपारपर्यंत मला कन्सोलच्या नोंदी वाचता आल्या. गुरुवारी दुपारी बाहेरून कोणीतरी आलं होतं. कन्सोलकरवी सगळ्या पहारेकऱ्यांना हुकूम गेला होता, की डोळे मिटा आणि ही फाईल चालवा. सगळ्यांनी डोळे मिटले आणि फाईल चालवली. आमचं सॉफ्टवेअर इतक्या एकमताने, इतक्या वेगाने काम करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

हे मी निंबाळकरांना सांगितलं. ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, “आणखी काही नोंदी असतील ना? एन्ट्री दुसरीकडूनही असू शकते.”

शनिवारी त्यांना हवी ती नोंद सापडली. मंगळवारी सकाळी स्टोअर्समधल्या एका संगणकाला पेन ड्राइव्ह लावला होता. पेन ड्राइव्हला कंपनीत बंदी. तो संगणक मंदाताईंचा.

मंदाताई कुरुळीच्या. पन्नाशीला आलेल्या. कंपनी उभी आहे त्या जमिनीतला एक तुकडा त्यांच्या घरचा होता. तो गेला त्या बदल्यात त्यांना नोकरी मिळाली, पण कंत्राटदारामार्फत, आणि इतकी वर्षं झाली तरी कंत्राटदारामार्फतच. माल कुठे ठेवलाय, कुठल्या टेम्पोत काय गेलं, हे सगळं त्या संगणकात भरायच्या, आणि शिवाय एका जाड वहीतही लिहायच्या. “कंपुटरचं काय, लाइट गेली की आंधळा,” असं त्यांचं म्हणणं. वही बंद करा म्हणून निंबाळकरांनी दोनदा सांगितलं होतं.

त्यांना केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मी तिथेच होते.

“मंदाताई, मंगळवारी पेन ड्राइव्ह लावला होतात?”

“व्हय सायेब. आरतीसाठी. दर वर्षी लावते की.”

“बंदी आहे माहीत आहे ना?”

त्यांनी निंबाळकरांकडे नीट पाहिलं. काहीतरी बोलणार होत्या, पण बोलल्या नाहीत. “हाय म्हाईत,” एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी अहवाल तयार झाला. त्यात एक वाक्य होतं, ‘पेन ड्राइव्हद्वारे शिरकाव झाल्याची शक्यता नाकारता येत नाही.’ खाली बाहेरच्या तज्ज्ञाची सही हवी होती. बाहेरची तज्ज्ञ म्हणजे मी. निंबाळकर म्हणाले, “मॅडम, वाक्य बघा, चूक आहे का? शक्यता तर नाकारता येत नाहीच.” वाक्य चूक नव्हतं. अशी वाक्यं कधीच चूक नसतात, त्यासाठीच ती घडवलेली असतात. कन्सोलच्या नोंदी माझ्या बॅगेत होत्या. पण त्या बाहेर काढल्या असत्या, तर पुढचा प्रश्न येणार होता, ती वाट उघडली कोणी? मी सही केली. माझी सही चांगली आहे, शाळेपासून सगळे म्हणतात.

मंदाताईंचा पास गेटवर काढून घेतला.

पुढची गंमत अशी, की गाडी कंपनीने तेवढ्यापुरती हाताने लिहिलेली लेबलं चालवून घेतली, पण संगणक बंद असल्याने डिस्पॅच, म्हणजे माल पाठवणं, चालू ठेवायला हाताशी एकच गोष्ट उरली. मंदाताईंची वही. पण त्यातल्या खुणा त्यांच्या त्यांनाच कळायच्या. रविवारी दिवसभर स्टोअर्समधून त्यांना फोन जात होते. “ताई, हे गोल करून खाली दोन रेघा, म्हणजे काय?” आणि त्या घरून सांगत होत्या, “डावं पुढलं दार, वरची बिजागरी, खिडकीकडची रॅक. नीट बघ की रं, शेजारी लिवलंय.” काढून टाकलेल्या बाईच्या फोनवर कंपनी चालू होती.

सोमवारी सकाळी त्या मला गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर भेटल्या. मुद्दाम आल्या होत्या.

“ताई, एक इचारू? माझ्या गाण्यांनी कंपनी पडली व्हय?”

मी दोन चहा सांगितले. त्या हसल्या. “न्हाई, पडली तरी जाती कुठं? आमच्याच वावरात पडंल.” मग पदराच्या गाठीतून पेन ड्राइव्ह काढून माझ्या हातावर ठेवला. “ह्यो बघा तपासून. कुनी मागितलाच न्हाई माझ्याकडं.”

खरंच कोणी मागितला नव्हता. नोंद पुरेशी होती.

तिथे उभ्या उभ्या मी त्यांना खरं काय झालं ते सांगितलं. कन्सोल, भोक, दुरुस्ती, सगळं. सही सोडून. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“म्हंजे दुरुस्ती आली व्हती, आन् तुमी पूजा झाली म्हनून केली न्हाई?”

“हो.”

“अवं, आमी मशीन धुतल्याबिगर हळदकुकू लावत न्हाई. आधी धुवायचं, त्याल घालायचं, नट आवळायचं, मंग पूजा. तुमी त्या डब्याला तसाच हार घातला?”

साहेबांनी पुढे केलेल्या मोबाईलवर आणि रिसेप्शनमधल्या टीव्हीवर, कपाटभर पुस्तकांच्या जोरावर, मी जे काही वर्षानुवर्षं मनात टीका म्हणून रचून ठेवलं होतं, ते सगळं या एका प्रश्नापुढे बडबड ठरलं. पूजेचा काही दोष नव्हता. पूजेत काम असतं, ते आम्ही गाळलं आणि हार तेवढा ठेवला.

घरी येऊन पेन ड्राइव्ह तपासला. साफ होता. अकरा आरत्या, स्टोअर्समधल्या बायकांनीच तीन-चार वर्षांपूर्वीच्या पूजेत म्हटलेल्या. मागे फोर्कलिफ्ट मागे जातानाची पीं-पीं. शेवटच्या आरतीनंतर टाळ्या आणि निंबाळकरांचा आवाज, अगदी स्पष्ट, “झकास! मंदाताई, हे पेन ड्राइव्हमध्ये ठेवा हां, पुढच्या वर्षीपासून हेच लावायचं!”

केबिनमध्ये त्या काय बोलता बोलता थांबल्या होत्या, ते कळलं. मी तो तुकडा तीनदा ऐकला. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा बरं वाटलं, की हे वाजवलं म्हणजे सुटले. तिसऱ्यांदा लक्षात आलं, की आपल्याला बरं का वाटतंय. निंबाळकरांचा आवाज पुढे केला असता, तर माझा वाटा मागे राहिला असता.

बुधवारी गाडी कंपनीचे दोन अधिकारी आले. आमच्या पट्ट्यात माल थांबला, की पुरवठादाराला ‘व्हाय-व्हाय’ द्यावा लागतो. म्हणजे चूक का झाली, आणि ते का, आणि तेही का, असं पाच वेळा विचारून मुळाशी जायचं आणि कागदावर मांडायचं. पद्धत मूळची चांगली आहे. फक्त बहुतेक ठिकाणी पाचवा का नेहमी कुठल्यातरी कामगारापाशी येऊन थांबतो आणि उत्तर येतं, प्रशिक्षणाचा अभाव. आमच्या पडद्यावरही तसंच होतं. संगणक का बंद पडले, पेन ड्राइव्हमुळे. का लावला, नियम मोडला. का मोडला, प्रशिक्षण नव्हतं. पुढे उपाय, संबंधित कर्मचारी कमी केली आहे. मोठे साहेब मान हलवत होते.

एक अधिकारी घड्याळ बघत म्हणाले, “ठीक. कोणाला काही ॲड करायचंय?” हा प्रश्न उठण्याआधी विचारायचा म्हणून विचारतात.

“मला करायचंय,” मी म्हटलं.

फळ्याजवळ गेले. मोठ्या अक्षरात लिहिलं. संगणक बंद पडले ते आमच्या पहारेकऱ्यांनीच घातक फाईल चालवली म्हणून. का चालवली, तर कन्सोलने हुकूम दिला. कन्सोलने का दिला, तर त्याच्यात भोक होतं, ते बुजवायची दुरुस्ती मंगळवारी सकाळी आली होती आणि बसवली नव्हती. इथपर्यंत निंबाळकर शांत होते. मी चौथा का लिहिला. बाहेरचा माणूस कन्सोलपर्यंत पोचलाच का?

“मॅडम,” निंबाळकर हळूच म्हणाले, “प्लीज.”

“बाहेरून वाट उघडी होती,” मी म्हटलं. “हिरवा काटा मोबाईलवर दिसावा म्हणून.”

मोठ्या साहेबांची मान हलायची थांबली. खिशातल्या मोबाईलवर त्यांचा हात गेला.

“आणि पाचवा?” अधिकाऱ्यांनी विचारलं. आता ते घड्याळ बघत नव्हते.

“ती वाट मी उघडली. मंगळवारी सव्वाअकराला मी तिच्यासमोर उभी होते. बंद करायला दोन मिनिटं लागली असती. मी पेढा खाल्ला आणि घरी गेले. पेन ड्राइव्ह मी तपासलाय, तो साफ आहे. शनिवारच्या अहवालावर माझी सही आहे, ती मी मागे घेते.”

मग ते अधिकारी म्हणाले, “हे लेखी द्या.” आयुष्यात पहिल्यांदा मला लेखी द्यायचं कोणी सांगायची गरज नव्हती. मी तो कागद टाईप करूनच आणला होता.

आरतीचा तुकडा मी वाजवला नाही. निंबाळकरांना नंतर, जिन्यात, एकट्यांना ऐकवला. ते भिंतीला टेकून उभे राहिले. “विसरलोच होतो,” म्हणाले. मला ते खरं वाटलं. असं विसरणं किती सोपं असतं, हे मला शनिवारी कळलं होतं.

पुढे काय झालं ते थोडक्यात. संगणक नवव्या दिवशी पूर्ववत झाले. आमच्या ऑफिसकडून त्या कंपनीचं काम गेलं. मला कोणी काढलं नाही, पण निवृत्तीपर्यंतचा काळ मी गिऱ्हाइकांकडे न जाता टेबलावर काढला. निंबाळकर तिथेच राहिले. कन्सोलची वाट कायमची बंद झाली आणि टीव्हीवर बिजागऱ्यांची जाहिरात लागली. मंदाताईंना पंचवीस दिवसांनी परत बोलावलं. पास पुन्हा कंत्राटदाराचाच. त्या पंचवीस दिवसांबद्दल कंपनीने काही म्हटलं नाही, मीही त्यांना काही म्हणू शकले नाही.

गेल्या खंडेनवमीला मंदाताईंचा फोन आला. “ताई, पूजेला या. तुमी आता रिकाम्याच हाय ना?”

गेले. सर्व्हर रूमच्या दारात पुन्हा चपलांचा ढीग. आरती या वेळी तोंडानेच चालली होती, पेन ड्राइव्ह नव्हता. मंदाताई पूजेचं ताट घेऊन कन्सोलसमोर उभ्या, आणि हाराला हात न लावता निंबाळकरांना विचारत होत्या, “झालं का सायेब धुऊन?”

“झालं ताई. सकाळी सातलाच. रीस्टार्टसुद्धा झालं,” निंबाळकर एखाद्या शिकाऊ फिटरसारखे म्हणाले.

मंदाताईंनी मला कोपऱ्यात घेतलं. ताट एका हातात, दुसऱ्या हातात ती जाड वही. मागच्या पानांवर त्यांनी रेघा मारून नवा तक्ता केला होता. दुरुस्ती कधी आली, कधी बसवली, कोणी बघितली. शेवटच्या रकान्यात सही.

“बघून करा सही,” त्या म्हणाल्या.

“मंदाताई, मी आता इथली कोणी नाही.”

“साक्षीदार म्हनून करा.” मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, “त्यो शनवारचा कागद बी निंबाळकर सायेबांनी दावला व्हता मला, गेटवर पास घेताना. तुमची सही तवाच बघितली मी. लई सुबक हाय.”

म्हणजे त्या सोमवारी टपरीवर, मी सगळं सांगून सही तेवढी गाळली, तेव्हा त्यांना ती माहीत होती. आणि तरी पेन ड्राइव्ह त्यांनी माझ्याच हातावर ठेवला होता.

मी पेन उघडला, मग परत मिटला. आधी कन्सोलवर गेले. दुरुस्तीचा क्रमांक पाहिला. बाहेरची वाट बंद आहे का ते पाहिलं. वहीतली नोंद त्याच्याशी ताडून पाहिली, मग पुन्हा एकदा पडद्यावर. मागे सगळे खोळंबले होते, ताटातला दिवा जळत होता. मंदाताईंना अजिबात घाई नव्हती.

मग सही केली. त्यांनी ती वाचली, वही मिटली, आणि कन्सोलला कुंकू लावलं.